बँक आतून कशी चालते, बाजार कसा हलतो: नाशिकमध्ये राहून अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

बँकिंग शिकायचंय म्हणून कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसकडे वळणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरं तर बँकेची भरती परीक्षा द्यायची असते. त्यात गैर काही नाही. पण आयबीपीएसची पूर्वपरीक्षा म्हणजे इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. बँक पैसे कुठून आणते, कुठे लावते आणि मध्ये तिला काय राहतं याच्याशी त्या तयारीचा संबंध नावापुरताच. हा लेख ज्यांना ते दुसरं काम शिकायचंय त्यांच्यासाठी आहे. बी.कॉम.चे विद्यार्थी, पतसंस्थेत नुकतेच लागलेले कर्मचारी, सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर निवडून आलेले पण ताळेबंद बघून गप्प बसणारे गृहस्थ, किंवा नुसतंच कुतूहल असलेलं कुणीही.

पुस्तकांत व्यापारी बँका आणि वित्तीय बाजार ही दोन वेगळी प्रकरणं असतात, कधी दोन वेगळे पेपर. शिकायला सुरुवात करताना ही वाटणी बाजूला ठेवा. मुंबईत रोख्यांचा दर हलला की तो शरणपूर रोडवरच्या शाखेच्या नफ्यात उतरतो आणि तिथून अंबडच्या कारखानदाराच्या हप्त्यात. ही साखळी एकदा डोळ्यांसमोर आली की व्याख्या आपोआप लक्षात राहतात. उलट दिशेने, म्हणजे व्याख्यांकडून गेलात, तर परीक्षा पास व्हाल आणि वर्षभरात सगळं विसराल.

घरातला अहवाल शोधा

नाशिकमधल्या मध्यमवर्गीय घरात कुणीतरी कुठल्यातरी नागरी सहकारी बँकेचं सभासद असतंच. आजोबांनी कर्ज घेताना शेअर्स घेतलेले असतात आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी मराठीतला वार्षिक अहवाल येतो. तो बहुतेक घरांत रद्दीत जातो. तो काढा. सभासद कुणीच नसेल तर शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या एखाद्या बँकेचा अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. बँक ऑफ महाराष्ट्र चांगली, कारण ती नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक आहे, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या पतपुरवठ्याचा मेळ घालणारी, आणि तिचा कारभार तुम्हाला इथेच दिसतो.

सहकारी बँक ही काटेकोर अर्थाने व्यापारी बँक नव्हे. तिची मालकी सभासदांची असते आणि नोंदणी सहकार कायद्याखाली होते. पण बँकिंग नियमन कायदा, १९४९ सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू आहे आणि ताळेबंदाची रचना जवळपास तीच. शिकायला मराठी अहवालाइतकं सोपं साधन नाही. पतसंस्थेचं मात्र वेगळं. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही आणि तिच्यातल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षणही नाही. नावात 'बँक' नाही एवढ्यावर लोक हा फरक सोडून देतात. तुम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

अहवाल उघडल्यावर अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो आणि श्रद्धांजलीचं पान ओलांडा. डाव्या बाजूला 'भांडवल व देणी', उजव्या बाजूला 'जिंदगी (म्हणजे मालमत्ता) व येणी' असं पान येईल. तिथे थांबा. ठेव म्हणजे बँकेचा पैसा नव्हे, तिचं देणं आहे. आणि दिलेलं कर्ज ही तिची मालमत्ता. नवख्या माणसाचं डोकं इथेच पहिल्यांदा उलटं होतं. तुमच्या पासबुकात जे जमा दिसतं ते बँकेच्या पुस्तकात तुम्हाला द्यायचं असलेलं दिसतं. हे पक्कं होईपर्यंत पुढे जाऊ नका.

एक छोटी बँक कागदावर उभी करा

आता स्वतःची काल्पनिक बँक मांडा. आकडे मी देतो, हिशेब हाताने करा.

स्वनिधी, म्हणजे भाग भांडवल आणि राखीव निधी मिळून, १०० कोटी. ठेवी १,००० कोटी. एकूण ११०० कोटी. दुसऱ्या बाजूला रोख आणि रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ४० कोटी, गुंतवणूक २६० कोटी, कर्जं ७५० कोटी, इमारत, संगणक, इतर येणी मिळून ५० कोटी.

सगळ्या ठेवी कर्जाऊ का दिल्या नाहीत? कारण त्यातला काही भाग कायद्याने बाजूला ठेवावा लागतो. सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण, २०२५ च्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने ३ टक्क्यांवर आला. एवढी रक्कम रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून राहते. एसएलआर, म्हणजे सहज रोख करता येईल अशा मालमत्तेत बँकेने स्वतःकडे ठेवायचा भाग, १८ टक्के, तो प्रामुख्याने सरकारी रोख्यांत. आपल्या बँकेने याहून थोडं जास्तच ठेवलंय, आणि शहाण्या बँका तसंच करतात.

कर्जांवर सरासरी १० टक्के मिळाले तर ७५ कोटी. गुंतवणुकीवर ७ टक्क्यांनी १८ कोटी २० लाख. ठेवींवर सरासरी ६ टक्क्यांनी ६० कोटी द्यावे लागले. उरलं ३३ कोटी २० लाख. हे निव्वळ व्याज उत्पन्न. लॉकर भाडं, कमिशन वगैरेचे ५ कोटी मिळवा, पगार, वीज, भाडं यांचे २० कोटी वजा करा. राहिले १८ कोटी २० लाख. संशयित व बुडीत कर्जांसाठी ७ कोटींची तरतूद केली की करापूर्वीचा नफा ११ कोटी २० लाख.

७५० कोटींच्या कर्जातला दीड टक्का किती होतो ते काढा: ११ कोटी २५ लाख. म्हणजे तरतुदीच्या वर आणखी दर दोनशे रुपयांतले तीन रुपये बुडाले की वर्षभराच्या सगळ्या शाखांचा, सगळ्या कर्मचाऱ्यांचा नफा साफ. आणि कर्जांपैकी साडेतेरा टक्के बुडाली तर स्वनिधीच संपला. त्यापुढचं नुकसान ठेवीदाराच्या पैशातलं. बँक चालवणारा माणूस कर्ज देताना एवढा का चाचरतो, कागदं का मागतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. भांडवल पर्याप्ततेचे नियमही इथूनच आले. भारतात व्यापारी बँकांना जोखीमभारित, म्हणजे जोखमीप्रमाणे वजन लावून मोजलेल्या, मालमत्तेच्या किमान ९ टक्के भांडवल लागतं आणि वर २.५ टक्क्यांची संरक्षक गादी. बासेल या आंतरराष्ट्रीय नियमांचा मूळ आकडा ८ टक्के. आपल्याकडे एक टक्का जादा.

हाच साचा घेऊन मग घरच्या अहवालाचे आकडे बसवा. कर्ज-ठेव प्रमाण, स्वस्त ठेवींचा, म्हणजे चालू आणि बचत खात्यांचा वाटा, एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, ढोबळ आणि तरतूद वजा करून निव्वळ, आणि सीआरएआर, म्हणजे वर सांगितलेलं भांडवलाचं प्रमाण. पाच वर्षांचा तक्ता अहवालात बहुधा असतोच. एकट्या वर्षाचा आकडा काही सांगत नाही. ठेवी झपाट्याने वाढताहेत आणि एनपीएची टक्केवारी घसरतेय असं दिसलं तर खूश होण्याआधी एनपीएची रक्कम बघा. कर्जं फुगवली की टक्केवारी आपोआप खाली येते, रक्कम तेवढीच राहते.

कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत

हा भाग क्लासमध्ये कुणी शिकवत नाही, आणि खरं बँकिंग इथेच आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत. अशाच एका काल्पनिक युनिटचं कॅश क्रेडिट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'सीसी', घेऊ. माल आणि येणी तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे उचलायचं हे खातं.

युनिटची वर्षाची अंदाजित उलाढाल २ कोटी. छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे खेळत्या भांडवलाची गरज उलाढालीच्या २५ टक्के धरतात, म्हणजे ५० लाख. त्यातले उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे ४० लाख बँकेने द्यायचे आणि उलाढालीच्या ५ टक्के, म्हणजे १० लाख मालकाने स्वतःचे घालायचे. लिमिट मंजूर झालं ४० लाखांचं. याचा अर्थ मालक ४० लाख केव्हाही उचलू शकतो असा नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, 'डीपी', म्हणजे त्या महिन्यात किती उचलता येईल तो आकडा, निघतो.

या महिन्याचा माल ४० लाखांचा. पण त्यातल्या १० लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादाराला अजून दिलेले नाहीत. तो माल मालकाचा नाही, पुरवठादाराच्या उधारीचा आहे. म्हणून धरायचे ३० लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा वाटा, वजा केलं की २२ लाख ५० हजार. येणी ३० लाखांची, त्यातली ६ लाखांची ९० दिवसांहून जुनी. ती काढून टाकायची. उरलेल्या २४ लाखांवर ४० टक्के मार्जिन धरलं की १४ लाख ४० हजार. बेरीज ३६ लाख ९० हजार. लिमिट ४० लाखांचं असलं तरी या महिन्यात तेवढेच उचलता येतील. मार्जिनचे टक्के बँकेप्रमाणे आणि प्रस्तावाप्रमाणे बदलतात, रीत हीच.

आता शाखाधिकारी काय बघतो? मोठ्या कंपनीने बिलं थकवली की ती ९० दिवसांपलीकडे सरकतात, डीपी आटतो आणि नेमकी पैशांची गरज असताना उचल कमी होते. मालक फोन करतो, 'साहेब, लिमिट तर चाळीसचं आहे ना?' इथे दोन मोह असतात. मालकाला जुना स्टॉक फुगवून दाखवायचा, आणि बँकेला डोळेझाक करून तो मान्य करायचा. म्हणून अधिकारी अधूनमधून न सांगता गोडाऊनला जाऊन रॅकवरची धूळ बघतात. धूळ बसलेला माल विकला जात नाही, हे त्यांना ऑडिट रिपोर्टच्या आधी कळतं. अशा अडचणीसाठीच ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे: मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल इलेक्ट्रॉनिक मंचावर चढतं, बँका त्यावर बोली लावतात आणि छोट्या युनिटला मुदतीआधी पैसे मिळतात. बँक आणि बाजार एकाच खिडकीत बघायचे असतील तर याहून चांगलं उदाहरण नाही.

कर्ज थकत कसं जातं त्याचे टप्पेही पाठ असू द्या. हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला तर एसएमए-० (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं), ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, त्यानंतर एनपीए. शेतीला दिवसांचं माप लागत नाही, हंगामाचं लागतं. कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम थकबाकी राहिली की खातं एनपीए. निफाड-दिंडोरीच्या शाखेत बसलेल्या माणसाला द्राक्षाची छाटणी कधी झाली आणि लासलगावला कांद्याचा भाव काय निघाला हे माहीत असावं लागतं ते यामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. असा निर्णय दिल्लीत होतो आणि वसुलीचा तक्ता इथे हलतो. कर्जमाफीचंही तसंच. २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांनी अडलेल्यांना आधार दिला, हे खरं. पण दर निवडणुकीआधी वसुली थंडावते हे कुठलाही शाखाधिकारी खासगीत सांगेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि अभ्यासकाने दोन्ही वहीत लिहाव्यात.

एकाच हातात जास्त कर्ज दिलं की काय होतं हे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी, बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये उघडं पडलं. कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती लपवली गेली होती. आपल्या काल्पनिक बँकेत ७५० पैकी सव्वापाचशे कोटी एका माणसाला दिले आहेत अशी कल्पना करून स्वनिधीकडे बघा.

मुदत आणि दर

आता ताळेबंदाकडे वेळेच्या अंगाने बघा. ठेवी वर्ष-दोन वर्षांच्या, घरकर्ज वीस वर्षांचं. ठेवीदार उद्या आला तर? सगळे एकदम येत नाहीत या भरवशावर बँक चालते, आणि त्या भरवशाचं नियोजन करणं म्हणजे मालमत्ता-दायित्व व्यवस्थापन. बँकेत याला सरळ 'एएलएम' म्हणतात. पुढच्या १ ते १४ दिवसांत, ३ महिन्यांत, वर्षभरात किती येणार आणि किती जाणार याचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यातली तूट बघायची. रिझर्व्ह बँकेने याची मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये दिली.

दुसरी तूट दराची. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घर, वाहन, वैयक्तिक आणि छोट्या उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बाह्य मानकाशी, बहुधा रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसनं देते त्या दराशी, जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. ठेवीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेला. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला तेव्हा कर्जांचे दर लगेच उतरले आणि जुन्या ठेवींवर चढ्या दराने व्याज देणं चालूच राहिलं. आपल्या बँकेत हे करून बघा: ७५० पैकी ४०० कोटी रेपोशी जोडलेली धरा. एक टक्का घसरला की वर्षाचे ४ कोटी गेले. नफा ११ कोटी २० लाखांचा होता. ज्या दरकपातीच्या बातमीला पेपरात 'कर्जदारांना दिलासा' म्हणतात, ती बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात, आणि कर्ज देणाऱ्या क्रेडिट विभागात दोन वेगळ्या चेहऱ्यांनी वाचली जाते. क्रेडिटवाल्याचा व्याजातला फरक आटतो, ट्रेझरीवाल्याच्या रोख्यांचा भाव वर जातो.

भाव वर का जातो? इथे कॅल्क्युलेटर घ्या. दहा वर्षं मुदतीचा, वर्षाला ७ रुपये व्याज देणारा १०० रुपयांचा रोखा. बाजारातला दर ७ टक्के असेल तर भाव १०० रुपये. दर ८ टक्के झाला की तुमच्या सातवाल्या रोख्याला पूर्ण भाव कोण देईल? पुढच्या दहा वर्षांचं व्याज आणि शेवटचे १०० रुपये ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणा: ९३ रुपये २९ पैसे येतात. दर ६ टक्के झाला तर १०७ रुपये ३६ पैसे. ही दोन गणितं स्वतः केल्याशिवाय पुढचं वाचू नका. रोखेबाजारातलं अर्धं शहाणपण यातच आहे. आणि मग आपल्या बँकेची सगळी २६० कोटींची गुंतवणूक अशाच रोख्यांत असेल तर दर टक्काभर चढल्यावर कागदोपत्री तोटा किती? सुमारे साडेसतरा कोटी, म्हणजे वर्षाच्या नफ्याहून जास्त.

अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये याच गणिताने बसली. तिची कर्जं फारशी बुडाली नव्हती. स्वस्त दराच्या काळात लांब मुदतीचे रोखे घेतले, दर चढले, ८ मार्चला रोखे विकून १८० कोटी डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला, ९ तारखेला एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढायच्या मागण्या आल्या आणि १० तारखेला बँक बंद. आपल्याकडची येस बँक ५ मार्च २०२० ला अडचणीत आली ती मात्र बुडीत कर्जांमुळे, आणि ठेवीदार वाचले तरी ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर नुकसान सोसायचे भांडवली रोखे, शून्यावर आले. ते रोखे कित्येकांना मुदत ठेवीसारखे म्हणून विकलेले होते. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. एकीत आजार गुंतवणुकीच्या बाजूला होता, दुसरीत कर्जाच्या.

बाजाराकडे वळताना

नवखा माणूस बाजार म्हटलं की शेअर बाजार समजतो. बँकेच्या दृष्टीने शेअर बाजार हा शेवटचा भाऊ. आधी पैशांचा बाजार: एका रात्रीचं उसनं, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारची अल्प मुदतीची उधारी, आणि कंपन्यांचे व्यापारी पेपर, म्हणजे त्यांची अल्प मुदतीची वचनपत्रं. मग सरकारी रोखे. मग परकीय चलन. मग कंपन्यांचे रोखे आणि शेअर्स. ट्रेझरी बिलांचा लिलाव साधारणपणे बुधवारी होतो, त्याचा निकाल रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येतो. सहा महिने दर बुधवारी तो आकडा वहीत उतरवा, शेजारी तुमच्या बँकेचा एक वर्षाच्या मुदत ठेवीचा दर लिहा. दोन्ही रेषा कशा चालतात, कोण मागे राहतं, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल.

हात भिजवायचे असतील तर रिटेल डायरेक्ट योजनेत खातं काढता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणूस थेट रिझर्व्ह बँकेकडे खातं ठेवून सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिलं घेऊ शकतो. दहा हजारांचं एक ९१ दिवसांचं बिल घ्या. ते ९८००-९९०० च्या आसपास मिळतं आणि मुदतीला पूर्ण दहा हजार परत येतात. व्याज वेगळं दिसत नाही, सवलतीतच असतं. हे स्वतःच्या पैशाने बघितलं की डिस्काउंट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

नाशिककरांसाठी एक खास प्रश्न. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि 'पैसा तर आमच्याच गावात छापतात' हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. मग छपाई वाढवली की देशात पैसा वाढतो का? नाही. प्रेसमध्ये पडलेला गठ्ठा हा छापील कागद आहे. तो रिझर्व्ह बँकेने चलनात आणला की तिच्या ताळेबंदात देणं म्हणून चढतो आणि तेव्हाच तो पैसा होतो. शिवाय लोकांच्या हातातला बहुतेक पैसा नोटा नसून बँकांतल्या ठेवी आहेत, आणि त्या वाढतात बँकांनी कर्जं दिल्याने. तोंडी परीक्षेत विचारायला मला हा प्रश्न फार आवडतो, कारण पाठांतर करणारे इथे हटकून अडखळतात.

रेपो दर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती २०१६ पासून आहे. तिचं लक्ष्य महागाई ४ टक्के, दोन टक्के वरखाली. दर दोन महिन्यांनी निर्णय येतो. बातमी वाचून थांबू नका, सभासदांची मतं मांडणारं इतिवृत्त १४ दिवसांनी प्रसिद्ध होतं, ते वाचा. कोण का वेगळं बोललं यातून अर्थकारण कळतं.

इतिहासातलं एकच प्रकरण नीट वाचायचं असेल तर १९९२ चा रोखे घोटाळा घ्या. लोक तो शेअर घोटाळा म्हणून ओळखतात, पण मूळ भानगड बँकांच्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात होती. रोखे हातात नसताना 'बँक रिसीट' नावाचा कागद दिला जायचा, रिझर्व्ह बँकेकडची रोख्यांची नोंद हाताने व्हायची, आणि मधल्या वेळात पैसा दलालामार्फत शेअर बाजारात फिरायचा. बाजाराची नियामक संस्था सेबी हिला त्याच वर्षी वैधानिक अधिकार मिळाले. पैसे आणि रोखे एकाच वेळी हस्तांतरित होण्याची पद्धत, डिमॅट, क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही सगळी पुढच्या दशकातली दुरुस्ती आहे. आज शेअर व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो तो या वाटेने.

आणि एक स्पष्टच सांगतो. बाजाराचा अभ्यास म्हणजे ऑप्शन ट्रेडिंग नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचं आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त असल्याचं निघालं. 'बँक निफ्टी (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक) शिकवतो' असा फलक दिसला तर शिकवणाऱ्याची सेबी नोंदणी विचारा आणि उत्तराची वाट न बघता चालू लागा.

कुठे शिकायचं

बारावी झालेल्यांनी बी.कॉम. करावं आणि बँकिंग व वित्त हा विशेष विषय घ्यावा. बी.वाय.के. आणि के.टी.एच.एम. ही जुनी महाविद्यालयं आहेत. प्रवेशाआधी यंदा नेमके कोणते विषय चालतात हे वाणिज्य विभागात जाऊन विचारा, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर रचना बदलत आहेत. नोकरी करणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सोयीचं. ते आपल्याच गावात, गोवर्धनला आहे, आणि इतर विद्यार्थी ज्याच्यासाठी लांबून येतात ते तुम्हाला बसच्या अंतरावर.

जेएआयआयबीच्या मागे लगेच लागू नका. ती परीक्षा बँकेत नोकरीला असलेल्यांसाठीच आहे. बाहेरच्याला बसता येत नाही. तरी तिचा अभ्यासक्रम डोळ्यांखालून घाला, कारण बँकेला तिच्या माणसाला काय यावं असं वाटतं हे त्यातून समजतं. बाहेरच्यांसाठी एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षा खुल्या आहेत. आधी सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा द्या. ती मोफत आहे. म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा त्यानंतर.

वाचायला बसायचं तर टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. अर्थविषयक दैनिकं घरी घेण्याऐवजी वाचनालयात वाचा आणि कात्रणांऐवजी आकडे उतरवा.

अग्रणी बँकेकडून जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडाही मिळवा. कोणत्या तालुक्याला किती पीककर्ज, छोट्या उद्योगांना किती, कोणत्या बँकेने किती उद्दिष्ट गाठलं, सगळं त्यात असतं. अग्रणी बँक योजना १९६९ च्या गाडगीळ अभ्यासगटाच्या शिफारशीतून आली, आणि ते धनंजयराव गाडगीळ जन्माने नाशिकचे. व्यापारी बँकांनी एकूण कर्जांपैकी ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला आणि त्या चाळिसातच एकूण कर्जांच्या १८ टक्के शेतीला द्यायचे हा नियम आराखड्यात तुमच्या तालुक्याच्या नावासकट दिसतो.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

पहिले दोन महिने ताळेबंद आणि वर मांडलेली गणितं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखाद्या ओळखीच्या कारखानदाराला किंवा सी.ए.ला भेटून खरं स्टॉक स्टेटमेंट बघा. नावं झाकून दाखवायला बहुतेक जण तयार होतात. त्यानंतर रोखे आणि बुधवारची वही. वर्षाच्या मध्यापासून एका सूचीबद्ध बँकेचे तिमाही निकाल घ्या. जानेवारी, एप्रिल-मे, जुलै आणि ऑक्टोबरात ते येतात. निकालाच्या आदल्या दिवशी व्याज उत्पन्न वाढेल की घटेल याचा अंदाज कारणासह लिहून ठेवा. जून आणि डिसेंबरात रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल येतो. तो सगळा वाचायची गरज नाही, एनपीए आणि ताणचाचण्यांचे, म्हणजे संकट आलं तर बँका कितपत टिकतील याचे, तक्ते पुरेत. डिसेंबरातच बँकिंगच्या प्रगतीचा वार्षिक अहवालही येतो, तो मात्र चवीने वाचण्यासारखा.

सहकारी बँकांच्या सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. घरच्या सभासदाबरोबर तिथे जा. लाभांश जाहीर झाला की लोक जेवणाच्या दिशेने उठायला लागतात. तुम्ही थांबा आणि सभासदाला एकच प्रश्न विचारायला सांगा: पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे? प्रश्न आदल्या आठवड्यात लेखी दिला तर उत्तर टाळणं अवघड जातं.